विष्णूचा रविवार

“बसा ना, काका. आणि खरं सांगा, पहिल्या इंजेक्शननंतर तुमचा हात खूप सुजली होती का?”

“थोडासा दुखला. का गं?”

“नुसता दुखला? ताप? डोकेदुखी?”

“डॉक्टर तू आहेस. मी फ्रीझरवाला. काय झालंय ते बोल की.”

रश्मीने समोरचा कागद फिरवून त्याच्यापुढे सरकवला. एकोणीस ओळी होत्या. लॅबमधल्या एकोणीस माणसांनी लस टोचून घेतली होती, प्रत्येकाला एक नंबर, पुढे त्याच्या रक्तातल्या अँटिबॉडीचा आकडा. राफाएलचा नंबर सतरा. बाकी सगळ्यांपुढे दहाच्या आत, दहाच्या आत, वीस, परत दहाच्या आत. सतरापुढे दोन हजार पाचशे साठ.

“टायपिंगची चूक असेल.”

“मी तीनदा रिपीट केली.”

“चौथ्यांदा कर.”

“काका, ऐका ना.” ती खुर्ची ओढून जवळ आली. “पहिल्या डोसनंतर बॉडी नुसती ओळख करून घेते. हा कोण, कुठला. खरा अँटिबॉडी दिसतात दुसऱ्या डोसनंतर. तुमची बॉडी तर अशी उठली की जुना दुश्मनच दारात आला. म्हणजे तुम्हाला हे आधी कधीतरी झालंय. हे नाही तर ह्याचा कुणी कझिन.”

राफाएलच्या अंगावर अजून फ्रीझरचा जाड कोट होता. बाहीवरचा बर्फ वितळून तिच्या टेबलावर ठिपके पडले. त्याने ते तळहाताने पुसले.

रश्मी इंग्लंडात मेडनहेडला जन्मलेली, सत्तावीस वर्षांची. मराठी घरी ऐकून शिकलेली, त्यात ‘तो’ची ‘ती’ व्हायची. लॅबमध्ये मराठी बोलायला तिला हा एकच माणूस, आणि त्याला ती. लस युरोपातली, तिकडे गोचीड चावून मेंदूचा ताप येतो त्याच्यावरची. इथे लॅबमध्ये मेंढ्यांच्या तशाच एका रोगावर काम चालायचं, म्हणून सगळ्यांनी टोचून घ्या असं ठरलं, आणि कुणाच्या रक्तात किती अँटिबॉडी तयार होतात ते मोजायचं काम रश्मीकडे.

“बावीस वर्षं तुम्ही डोंगरावर गोचीड उचलताय,” ती म्हणाली. “मेंढीवाला रोगच झाला असणार तुम्हाला. कळला पण नसेल. मी तसंच लिहिते. ओके?”

राफाएलने मान हलवली. उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला.

“इथे यायच्या आधी मी शिमोग्याला होतो. तिकडच्या जंगलात.”

“तिथे काय?”

“माकडताप.”

रश्मीने पेन खाली ठेवलं. “क्यासनूर फॉरेस्ट डिसीज? सीरियसली? काका, तुम्ही हे फॉर्मवर का नाही लिहिलं?”

“फॉर्मवर विचारलं होतं, झाला होता का. मला झाला होता की नाही ते मला माहीत नाही.”

हे मात्र त्याने अगदी खरं सांगितलं.

* * *

राफाएल नवगावकर, वय पन्नास. लग्न नाही. एडिनबरात गॉर्गी रोडवर दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. लॅबमध्ये सगळे रॅफ म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी तो खिडकीशी दिवा लावतो आणि शनिवारी काम करत नाही. मशिदीत जातो. त्याच्या घरी, अलिबागकडे, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, सिनेगॉगला मशीदच म्हणायचे, ते तोंडातून जात नाही. एकदा स्वागतकक्षातल्या मोरागला तो म्हणाला होता, शनिवारी मी मशिदीत असतो. तेव्हापासून मोराग दरवर्षी रमजानला त्याच्यापुढे बिस्किट खायला लाजते. तो काही सांगत बसला नाही. कोण एवढं समजावणार.

त्याची कामं दोन. एक, तळघरातले फ्रीझर. मेंढ्यांचा, हरणांचा, माणसांचा सीरम, बोटाएवढ्या बाटल्यांत, वर्षावार. कुठलीही बाटली मागा, तो चार मिनिटांत आणून देतो. दुसरं काम मार्च ते ऑक्टोबर, डोंगरावर. हातभर रुंद पांढऱ्या फ्लॅनेलचं कापड, पुढच्या कडेला काठी, काठीला दोरी. ते गवतातून ओढत वीस पावलं चालायचं. थांबायचं. कापड उलटं करायचं, गुडघ्यावर बसायचं, आणि चिकटलेली एकेक गोचीड चिमट्याने उचलून ट्यूबमध्ये टाकायची. परत वीस पावलं. दिवसभर मेंढ्या बघतात. वाराच इतका असतो की बोलायला कुणी असतं तरी ऐकू आलं नसतं.

शिमोग्याला काठी नव्हती. तिथे दोन माणसं कापडाची दोन टोकं धरून चालायची. एका टोकाला राफाएल, दुसऱ्या टोकाला विष्णू.

ते १९६३ साल. पुण्याच्या एका लॅबने दोघांना शिमोग्याजवळच्या सागरला पाठवलं होतं. जंगलात वानरं मरून पडत होती आणि जिथे वानर मेलं तिथून गावात ताप यायचा. मेलेल्या वानराच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी त्या जागेवर पसरायच्या. ती जागा शोधायची आणि कापड ओढायचं, हेच काम. लस नव्हती. अंगाला मलम, पायात गमबूट, आणि रात्री एकमेकांची पाठ कंदील धरून बघायची.

विष्णूचं नुकतंच लग्न झालं होतं. नंदा, वीस वर्षांची, सागरला एका खोलीत संसार. राफाएल तिथेच जेवायचा. विष्णू त्याला ‘शनवार-तेली’ म्हणून चिडवायचा; कोकणात तेल गाळणाऱ्या, शनिवार पाळणाऱ्या बेने इस्राएलांना तेच नाव होतं. कामाची वाटणीही ठरलेली होती, त्यांची त्यांनीच ठरवलेली. शनिवारी राफाएलची सुट्टी, विष्णू एक मजूर घेऊन जंगलात जाणार. रविवारी विष्णूची सुट्टी, राफाएल जाणार. विष्णू म्हणायचा, “तुझा देव शनिवारी झोपतो, माझी बायको रविवारी. जमलं की.”

मार्चमधली गोष्ट. शुक्रवारी निरोप आला, तीन नंबरच्या प्लॉटात पाच वानरं मरून पडलीत. पाच एकदम कधी पडली नव्हती. तिथे रविवारी जायचं ठरलं. शनिवारी राफाएल खोलीवर होता. डोकं दुखत होतं. रविवारी सकाळी सहाला जीप आली तेव्हा तो उठलाच नाही. विष्णू बघायला आला.

“काय रे, शनवार-तेली. शनिवार पुरला नाही वाटतं?”

“ताप आहे मला.”

“बघू.” विष्णूने हात लावला. “कणकण आहे जरा. झोप. मी जातो.”

“अरे पण तुझा रविवार आहे.”

“मग? पुढचा दे मला. पळून कुठे चाललाय रविवार.”

तो गेला. पाच वानरांच्या जागेवर दिवसभर कापड ओढलं. संध्याकाळी टीमच्या डॉक्टरने राफाएलला थर्मामीटर लावला. साडेनव्याण्णव. डॉक्टर म्हणाला, ह्यात काही दम नाही, रक्तबिक्त घ्यायची गरज नाही. मंगळवारी ताप उतरला. आठव्या दिवशी विष्णू तापाने फणफणला. डोळे लाल, हिरड्यांतून रक्त. तेरा दिवस काढले त्याने, मग गेला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात नंदा सगळ्यांसमोर राफाएलला म्हणाली, “रविवार ह्यांचा होता. तुमचा ताप खोटा होता.”

एवढं एकच वाक्य. परत ती त्याच्याशी बोलली नाही.

आता खरी गोष्ट ही की ताप खरा होता की खोटा, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. अंग गरम होतं, हो. पण पाच वानरांचा निरोप शुक्रवारीच आला होता. त्याला आठवत होतं की निरोप ऐकल्यावर आपण घाबरलो, आणि मग डोकं दुखायला लागलं. आधी काय, नंतर काय, ते जुळत नव्हतं. घाबरलेल्या माणसालाही कणकण येते. सव्वीस वर्षं तो ह्याच एका जागी येऊन थांबत होता.

आणि तो लॅबमध्ये होता. पुण्याला होता तेव्हा कुणालाही सांगून स्वतःचं रक्त तपासून घेऊ शकला असता. दहा मिनिटांचं काम. त्याने घेतलं नाही. निगेटिव्ह आलं असतं तर? चार वर्षं तिथे दुसऱ्यांच्या बाटल्या लावल्या आणि मग इथली नोकरी मिळाली तशी निघून आला.

* * *

आठवडाभराने तो रश्मीच्या खोलीत गेला. दार लावून घेतलं.

“लस द्यायच्या आधी तू सगळ्यांचं रक्त घेतलं होतंस. झिरो सॅम्पल.”

“हो. तुमच्याकडेच तर आहे. तळघरात.”

“त्यातलं सतरा नंबरचं कुठे पाठवून माकडतापासाठी बघता येईल?”

रश्मीने त्याच्याकडे नीट बघितलं. “इथे नाही. तो व्हायरस इथे ठेवायला परमिशनच नाही. साउथला एक लॅब आहे, असली गोष्टी कुलपात ठेवतात ते. माझा एक फ्रेंड आहे तिथे. पण का काका? तुम्ही ठीक आहात. उलट तुम्ही इथले सगळ्यात सेफ माणूस आहात.”

मग त्याने तिला सांगितलं. उभ्याउभ्याच, खिडकीकडे बघत. पाच मिनिटांत संपलं. इतकं छोटं होतं ते. त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

रश्मीने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. मग हळू म्हणाली, “काका, मला क्रूअल नाही व्हायचं. पण पॉझिटिव्ह आला तरी त्यात काय कळणार? तुम्ही तिथे किती वर्षं होतात?”

“दीड.”

“मग दीड वर्षात कधी पण चावली असेल. पुष्कळ लोकांना होतो आणि कळत पण नाही. रक्तावर तारीख नसतो.”

“ते मला ठाऊक आहे. बावीस वर्षं बाटल्यांवर तारखा मीच लिहितो.”

“आणि निगेटिव्ह आला तर?”

“तर कळेल.”

“काय कळेल?”

रश्मीने ड्रॉवरमधून फॉर्म काढला.

बाटली काढायला तो स्वतःच खाली गेला. दुसरं कोण जाणार. चौथा फ्रीझर, तिसरा खण. ‘१७ / ०’. अक्षर त्याचंच होतं. आजवर हजारो बाटल्या काढल्या, पण ही हातात धरल्यावर जरा वेळ तो तसाच उभा राहिला. आत पिवळट बर्फाचा खडा. हातमोज्यातूनसुद्धा गार लागत होता. मग सुका बर्फ घालून खोका बंद केला, चिकटपट्टी लावली, वर पत्ता लिहिला. कुरिअरवाल्याने विचारलं, “काय आहे आत, मेंढी?”

“मेंढीच,” राफाएल म्हणाला.

जुलै गेला. ऑगस्टमध्ये शहरात फेस्टिव्हलची गर्दी झाली, रस्त्यात लोक तोंडं रंगवून नाचत होते. त्याने दुसरा डोस घेतला. अँटिबॉडीचा आकडा आणखी चढला. रश्मी म्हणाली, तुमच्यामुळे माझा ग्राफच बिघडतो, तुम्हाला वेगळा कागद लागेल. तो हसला. शुक्रवारी दिवा लावायचा, शनिवारी मशिदीत मागच्या बाकावर बसायचा. तिथले लोक चांगले होते. ‘गुड शाबेस’ म्हणून शनिवारच्या शुभेच्छा द्यायचे, हवेबद्दल बोलायचे. वीस वर्षांत तिघांनी घरी जेवायला बोलावलं होतं आणि तिघांनीही विचारलं होतं, तुम्ही धर्म बदललात का? नाही, आम्ही दोन हजार वर्षं तिकडेच आहोत. हे सांगून तो सूप प्यायला होता.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रश्मी स्वतः तळघरात आली. पहिल्यांदाच. कोट न घालता आली आणि कुडकुडत उभी राहिली.

“मेंढीवाला निगेटिव्ह आहे,” ती म्हणाली. “दुसरा… काका, पॉझिटिव्ह आहे. एकास एकशे साठ. इतक्या वर्षांनी. डाउट नाही, तुम्हाला झाला होता.”

राफाएलने फ्रीझरचं झाकण बंद केलं. कागद घेतला. एक ओळ होती. तो वाचत राहिला.

“तुम्ही ठीक आहात?”

“कोट घालून यावं माणसाने,” तो म्हणाला. “न्यूमोनिया होईल.” आणि स्वतःचा काढून तिच्या खांद्यावर टाकला.

* * *

नंदाचा फोन नंबर त्याच्याकडे दोन वर्षं होता. ग्लासगोला मराठी मंडळींच्या गणपतीला तो उकडीच्या मोदकांसाठी गेला होता. तिथे श्रीकांत म्हणून एकजण भेटला, बर्मिंगहॅमला बँकेत. बोलता बोलता म्हणाला, आमच्या शेजारी एक बाई आहेत, मुलगी नर्स आहे, बाईंचा नवरा म्हणे तरुणपणीच माकडतापाने गेला, ऐकलंय का कधी असलं काही? राफाएल म्हणाला, ऐकलंय. नंबर घेतला आणि डायरीत ठेवला.

फोन मुलीने उचलला. शिल्पा. वडील गेल्यावर पाच महिन्यांनी जन्मलेली. तिने हाक मारली, “आई, एडिनबराहून कुणी राफाएल म्हणून.” पलीकडे बराच वेळ टीव्हीचा आवाज. मग मागून ऐकू आलं, “रविवारी ये म्हणावं. तेव्हा तुझी ड्युटी असते.”

सकाळची गाडी पकडली. पाच-सहा तास खिडकीला डोकं टेकून. बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनला उतरला, बस बदलली. लाल विटांची एकसारखी घरं. दार नंदानेच उघडलं. शेहेचाळीस वर्षांची बाई, पंजाबी ड्रेसवर कार्डिगन, केस अर्धे पांढरे. त्याने ओळखलं ते कपाळावरच्या उभ्या आठीवरून. ती तेव्हाही होती.

“या, भावजी. बूट तिथेच ठेवा. कार्पेट नवीन आहे.”

भावजी म्हणाली ती. तो बूट काढताना दोनदा लेस चुकला.

आत एक दोन वर्षांचं नातवंड सोफ्यावर झोपलेलं. भिंतीवर विष्णूचा फोटो, लग्नातला, मुंडावळ्या बांधलेला. चोवीस वर्षांचा. नातवाच्या आजोबासारखा नाही, बापासारखा दिसत होता.

“चहात साखर अजून तीन?”

“एक. डॉक्टरने सांगितलंय.”

“बघा. म्हातारे झालात.” तिने कप ठेवला. “लग्न केलंत?”

“नाही.”

“का?”

“राहिलं.”

“हं.” तिने त्याच्याकडे नीट बघितलं. “बोला. सव्वीस वर्षांनी एवढ्या लांब चहाला नाही आलात तुम्ही.”

त्याने खिशातून कागद काढला. नीट घडी घातलेला, तरी हात लागून लागून कडा मऊ झाल्या होत्या. टीपॉयवर ठेवला.

“हे काय?”

“माझ्या रक्ताचा रिपोर्ट.”

“काय झालंय तुम्हाला?” ती पटकन म्हणाली, आणि तेवढ्या एका क्षणात ती सागरची नंदावहिनी होती.

“काही नाही झालं. आम्हाला लॅबमध्ये लस दिली, वहिनी. त्यात माझं रक्त वेगळंच वागलं. म्हणून तपासलं. मला माकडताप होऊन गेलाय. तेव्हा.” त्याने कागद तिच्याकडे सरकवला. “तो ताप खोटा नव्हता.”

नंदाने कागद उचलला नाही. लांबूनच वाचला.

“एकशे साठ. हे काय, डिग्री?”

“नाही. रक्त किती पट पातळ केलं तरी रोग ओळखतं, ते.”

“रविवारी मी तुम्हाला पेज पाठवली होती. मजुराच्या हातून.”

“हो.”

“डबा परत आला तो लख्ख. पुसून घेतल्यासारखा. मी तेव्हाच म्हटलं, आजारी माणूस एवढी पेज खातो होय?”

“भूक लागली होती,” राफाएल म्हणाला. दुसरं काय सांगणार. खरंच लागली होती.

“म्हणजे त्या रविवारी तुम्हाला हेच झालं होतं. ह्यांना झालं तेच.”

इथे तो ‘हो’ म्हणू शकत होता. गाडीत बसल्यापासून त्याने तेच ठरवलं होतं. समोर कुणी डॉक्टर नव्हता, रश्मी नव्हती. एका अक्षराचं काम होतं.

“ते नाही सांगता येत,” तो म्हणाला. “झालंय एवढं नक्की. दीड वर्षात कधीतरी. रक्तावर तारीख नसते, वहिनी. त्या रविवारचाच असेल असं मला वाटतं. पण मी घाबरलोही होतो. पाच वानरांचं शुक्रवारीच कळलं होतं. त्यातलं किती भीतीचं आणि किती तापाचं, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आत्ताही नाही.”

नातवाने कूस बदलली. तिने न बघताच त्याच्या पाठीवर हात ठेवला, थोपटलं.

“तुमचा कधी उतरला?”

“मंगळवारी.”

“दोन दिवसांत.”

“हो.”

“आणि ह्यांना तेरा दिवस.” ती शांतपणे बोलत होती, अगदी बाजारातलं काही विचारावं तशी. “एकच जंगल. एकच किडा. तुम्ही दोघं एकच कापड ओढत होतात. पेजसुद्धा माझ्याच हातची. मग तुम्हाला कणकण आणि ह्यांना मरण, असं का हो?”

“ते कुणालाच माहीत नाही.”

“तुमच्या लॅबमध्ये एवढे फ्रीझर आहेत ना.”

“आहेत.”

“त्यात नाही?”

“नाही.”

तिने पदर नसलेल्या खांद्यावर उगाच हात फिरवला. मग म्हणाली, “शिल्पा विचारायची लहानपणी, बाबा का गेले. मी सांगायचे, एक माणूस खोटं बोलला. रविवार बाबांचा होता, तो गेला नाही, म्हणून बाबा गेले. पोरीला पटायचं. मलाही पटायचं. राग येत होता पण रात्री झोप लागायची, भावजी. कारण होतं. आता तुम्ही हा कागद आणलात. आता मी काय सांगू?”

राफाएलने चहा बघितला. साय धरली होती. त्याने कागद उचलला, होता तसा चार घड्या घातल्या, आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

“तेच सांगा,” तो म्हणाला.

“काय?”

“मी खोटं बोललो होतो, हेच. तसंच असू द्या. तारीख नाहीये त्याच्यावर. माझं काही अडत नाही.”

नंदाने त्याच्याकडे बघितलं. मग तिने त्याचा कप उचलला आणि आत गेली. नळाचा आवाज आला, भांड्यांचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात फॉइलमध्ये गुंडाळलेलं काही होतं.

“धपाटे आहेत. गाडीत खा. नुसते सँडविच खाऊन राहता तुम्ही लोक.”

दारात तो बूट घालायला वाकला. ती चौकटीला टेकून उभी होती.

“शनिवारी अजून सुट्टी घेता?”

“हो.”

“आणि रविवारी?”

“इथे रविवारी सगळ्यांनाच असते.”

“हं,” ती म्हणाली. “बरं आहे.” आणि दार लावायच्या आधी, हळूच, “पोचलात की फोन करा. शिल्पाला सांगून ठेवते, काका आहेत म्हणून.”

काका कुठले, ते तिने सांगितलं नाही. गाडीत त्याने धपाटे खाल्ले. सगळे खाल्ले. फॉइल चाटून पुसून घडी घातली आणि मग त्याच्या लक्षात आलं आपण काय करतोय ते. खिडकीबाहेर अंधार पडत होता. समोरच्या सीटवरच्या म्हातारीने त्याला कागदी रुमाल दिला आणि दुसरीकडे बघितलं.

* * *

पुढच्या रविवारी तो साडेसातलाच डोंगरावर पोचला. हवा कोरडी होती, वारा पडलेला. ज्याच्या कुरणातून वाट जायची तो मेंढपाळ गेडीज, सत्तरीचा, चर्चचा काळा सूट घालून फाटकाशी उभा होता. बावीस वर्षांत त्याने राफाएलला रविवारी इथे पाहिलं नव्हतं.

“आज?” गेडीज म्हणाला. “आमच्याकडे रविवारी बायका दोरीवर कपडेसुद्धा वाळत घालत नाहीत, रॅफ.”

“माहीत आहे.”

“ऑफिसने पाठवलं?”

“नाही. माझी ड्युटी आहे. राहिली होती.”

गेडीजने त्याच्याकडे बघितलं, कापडाकडे बघितलं. मग फाटक उघडून धरलं.

वर हेदरच्या झुडपांचा जांभळा रंग उतरून तपकिरी व्हायला लागला होता. राफाएलने काठी जोडली, दोरी खांद्यावर घेतली. वीस पावलं. थांबला, कापड उलटं केलं, गुडघ्यावर बसला. चार. चिमट्याने उचलून ट्यूबमध्ये टाकल्या. परत वीस पावलं. खालून चर्चची घंटा ऐकू आली, मग थांबली. अकराच्या सुमारास त्याने काठी सोडवली आणि कापडाचं एक टोक हातात धरून ओढून बघितलं. दुसरं टोक वाकडं होऊन मागे घसटत आलं, गवतात गुंडाळलं गेलं. तसं नाही होत एकट्याने. त्याने काठी परत जोडली.

दुपारी दगडावर बसून फॉर्म भरला. तारीख. जागा. हवा. एकूण गोचिडी, त्रेसष्ट. खाली छापलेलं होतं, ‘गोळा करणारे’, आणि पुढे दोन नावांसाठी दोन ओळी. पहिल्या ओळीवर त्याने आपलं नाव लिहिलं. दुसऱ्या ओळीवर तो बावीस वर्षं एक आडवी रेघ मारत आला होता, फॉर्म अर्धवट वाटू नये म्हणून.

आज रेघ मारली नाही. पेनला टोपण लावलं आणि उठला.